पाटीवरची गावं

मोठ्या माणसाला वाचायला शिकवायचं पुस्तक करणं हे लहान पोराच्या पुस्तकापेक्षा अवघड काम आहे. पोराला अक्षरही नवीन आणि जगही नवीन, त्यामुळं पुस्तकात जे येईल त्याची त्याला गंमत वाटते. चाळिशीच्या बाईचं तसं नसतं. तिनं संसार ओढलेला असतो, दुष्काळ काढलेला असतो, रात्री-अपरात्री गाय सोडवलेली असते. तिला फक्त अक्षर येत नसतं. तिच्यापुढं गाईचं चित्र ठेवून ‘ही गाय’ असं म्हणायला लावलं की ती एकदा चित्राकडं बघते आणि एकदा आपल्याकडं. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला येत नाही. आपण लिहून ठेवतो, ‘गैरहजर, कारण शेतीकाम.’

हे मला कुठल्या कॉलेजात कळलेलं नाही. माझं शिक्षण दहावी. पण साक्षरतेचा एक वर्ग मी पावणेदोन वर्षं चालवला आणि त्याच्याही आधीची एक मोहीम आमच्या घरात, आमच्या आईच्या रूपानं, माझ्या डोळ्यांपुढं होती.

आमच्या सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिची कल्पना मोठी चांगली होती. एकेकट्या माणसाला शिकवायचं नाही, अख्खं गाव धरायचं. शाळेचे मास्तर, शिकलेली पोरं, सगळ्यांनी मिळून गावातल्या अडाणी माणसांना शिकवायचं आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. पुढं ही मोहीम महाराष्ट्रभर गेली. १९७२ साली तिला युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं. त्याच साली आमच्याकडं बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या.

आमची आई या मोहिमेत शिकली. गावच्या समारंभाला म्हणे सनई-ताशा होता, दारादारात रांगोळ्या होत्या. आई त्या दिवसाचं वर्णन फार रंगवून करायची. पण मला कळायला लागलं तेव्हा तिला सही सोडून काही येत नव्हतं. सहीसुद्धा ती लिहायची नाही, काढायची. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. मी एकदा तिला तिच्याच नावातलं मधलं अक्षर वेगळं काढून दाखवलं, तर तिला ते ओळखता आलं नाही. ती म्हणाली, “बाबा, समारंभ झाला आन् पुस्तक मास्तरांनी माघारी नेलं. मग वाचू काय, चूल?”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. शिकवणारे कष्टाळू होते, शिकणारेही होते. पण शिकून झाल्यावर हातात काय द्यायचं, याचा विचार समारंभाच्या मांडवापाशी संपला होता.

पुढं १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं आणि नव्वदनंतर त्याचं वारं आमच्या गावापर्यंत पोचलं. पंधरा ते पस्तीस वयाच्या माणसांना शिकवायचं ठरलं होतं. शिकवणारे स्वयंसेवक, बिनपगारी. मी तेव्हा तिशीतला. दिवसा रान आणि रात्री वर्ग, असं समाजमंदिरात सुरू केलं. अकरा बाया यायच्या. त्यात आमची थोरली वहिनी होती. एक मावशी पन्नाशी ओलांडलेली होती, ती नियमात बसत नव्हती, पण “मी कोपऱ्यात बसते, माझं नाव नका घालू,” म्हणून येऊन बसायची.

आमच्या हातात जी पुस्तकं आली ती वाईट नव्हती, हे आधी सांगतो. उलट त्यांची बांधणी विचार करून केलेली होती. एकूण तीन पुस्तकं. प्रत्येक धड्यात वाचन, लेखन आणि हिशेब एकत्र, म्हणजे वेगळी वही, वेगळं गणिताचं पुस्तक अशी भानगड नाही. आधी चित्र, मग शब्द, मग शब्द फोडून अक्षर, मग त्या अक्षरांचे नवे शब्द. प्रत्येक पुस्तकात तीन चाचण्या, म्हणजे तीन पुस्तकांत नऊ. ज्याचं त्यानं आपल्या चालीनं पुढं जायचं आणि आपण कुठं पोचलो ते आपलं आपल्याला कळावं, असा त्यामागचा हेतू. बैलाला एकदम डोंगर दाखवायचा नाही, बांध-बांध करत न्यायचं, तसं.

पण असं पुस्तक मोठ्या मुलखासाठी केलेलं असतं. माझ्या अकरा बायांपुढं आल्यावर ते तीन ठिकाणी अडलं.

पहिली अडचण चित्राची. एका चित्रात गाईचं फक्त तोंड होतं. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाकीची गाय कुठाय वो?” पोरी हसल्या. पण मावशीचं बरोबर होतं. चित्र वाचणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. ज्यानं पुस्तक कधी हातात धरलं नाही त्याला अर्ध्या चित्रावरून पूर्ण वस्तू ओळखायची सवय नसते. शिकवायचं होतं अक्षर, आणि वेळ गेला गाईचं धड शोधण्यात.

दुसरी अडचण बोलीची, आणि ही जास्त खोल होती. ‘व’ शिकवायला विहिरीचं चित्र घेतलं. चित्राखाली शब्द ‘विहीर’. सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या, “हीर.” आमच्याकडं विहिरीला हीरच म्हणतात. आता यात त्यांची चूक काय? वस्तू ओळखली, नाव सांगितलं. पण ज्या अक्षरासाठी तो धडा होता ते अक्षर त्यांच्या तोंडात नव्हतंच. छापलेल्या शब्दावर बोट ठेवून ‘हीर’ म्हणणारी बाई वाचत नाही, चित्र बघून बोलते, हे मला तिथं कळलं. ज्या शब्दातून अक्षर शिकवायचं, त्या शब्दात ते अक्षर शिकणाराच्या तोंडात वाजलं पाहिजे. पुस्तक करणाराच्या तोंडात वाजून उपयोग नाही. पुढं प्रमाण मराठीतला शब्द शिकवायचाच, तो कागदोपत्री लागतो. पण पहिल्या दहा दिवसांत नाही.

तिसरी अडचण गरजेची. महिनाभरानं वहिनी म्हणाली, “भावजी, ह्ये समदं ब्येस हाय. पर मला एस.टी.ची पाटी कवा वाचाय येणार?” तिचं माहेर आटपाडीकडं. फाट्यावर उभं राहून प्रत्येक गाडीला ‘कुठं जाती वो’ विचारायचं आणि कुणी वसकन अंगावर आलं की गप्प बसायचं, हा तिचा नेहमीचा अनुभव.

मग मी पुस्तक पंधरा दिवस बाजूला ठेवलं. कापडाच्या दुकानातून पुठ्ठे आणले आणि एस.टी.च्या पाटीवर असतात तशा ठसठशीत अक्षरांत गावांची नावं काढली. पण नावं निवडताना विचार केला. म्हसवड आमच्या जवळचं, पण सुरुवातीलाच जोडाक्षर, म्हणून मागं ठेवलं. विट्याला काही जणी ‘इटं’ म्हणायच्या, म्हणजे पुन्हा हिरीचीच गत, तेही मागं. उरली चार नावं : आटपाडी, दहिवडी, फलटण, सातारा.

या चार नावांत किती अक्षरं मिळतात ते मोजून बघा. आ, ट, प, ड, द, ह, व, फ, ल, ण, स, त, र. तेरा झाली. शिवाय काना आणि दोन्ही वेलांट्या. आणि या तेरा अक्षरांत कोणते शब्द होतात? दर. वाटा. रास. आडत. सही. पावती. बाजाराला माल नेणाऱ्या माणसाचा निम्मा कारभार यात आला. फलटणचा ‘ण’ आमच्या बोलण्यात ‘न’ होतो, म्हणून तेवढं अक्षर शेवटाला घेतलं. ऱ्हस्व वेलांटीनं मात्र दमवलं. ‘हि’ म्हणताना ‘ह’ आधी बोलायचा आणि डोळ्याला वेलांटी आधी दिसते. बाया वेलांटीपाशी थबकायच्या. ‘दहिवडी’ हा शब्द म्हणून लगेच ओळखायच्या, पण त्यातला ‘हि’ वेगळा काढला की अडायच्या. म्हणून दीर्घ वेलांटी आधी आणि ऱ्हस्व नंतर, असा क्रम लावला.

पुढं एका प्रशिक्षण वर्गात मला पावलो फ्रेरे या ब्राझीलच्या माणसाचं नाव ऐकायला मिळालं. १९६३ साली तिथल्या आंजिकोस गावात त्यानं सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवायचा प्रयोग केला होता. त्याची रीत अशी की पुस्तक आधी करायचं नाही. आधी लोकांत जाऊन बसायचं, त्यांच्या बोलण्यातले शब्द गोळा करायचे आणि त्यातले असे शब्द निवडायचे की ज्यांत अक्षरंही भरपूर मिळतील आणि ज्यांवर बोलायला माणसं उत्सुक असतील. बांधकामावरच्या माणसांसाठी त्यातला एक शब्द होता ‘वीट’. त्यांच्या भाषेत ‘तिजोलो’. त्याचे तीन तुकडे करायचे आणि एकेका तुकड्याची आपल्या बाराखडीसारखी ओळ लावायची. हे ऐकून मला बरं वाटलं. समुद्रापलीकडं एका शहाण्या माणसानं विटेवरून सुरुवात केली होती आणि आम्ही एस.टी.वरून.

आता पुस्तक चाललं का नाही, हे कसं ओळखायचं? खरा प्रश्न इथं आहे. मिशनचे निकष ठरलेले होते. मोठ्यानं वाचताना मिनिटाला तीस शब्द, मनात वाचताना पस्तीस. बघून लिहिताना मिनिटाला सात शब्द, सांगितलेलं ऐकून लिहिताना पाच. आकडे एक ते शंभर. साधं पत्र, अर्ज, रोजच्या वापरातला फॉर्म भरता यावा. कागदावर ही यादी चांगली आहे. वेगाचा आग्रहही मला पटतो, कारण जो फार सावकाश वाचतो तो वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. मग वाचून अर्थ कळत नाही आणि अर्थ कळत नाही म्हणून वाचन सुटतं.

पण आमच्या वर्गाची तपासणी झाली तेव्हा काय घडलं ते सांगतो. एका बाईनं धडा खडाखडा म्हणून दाखवला. तीस काय, चाळीस शब्द झाले असतील. ती पास. तपासणारे उठून गेल्यावर मी पान पालटलं आणि दुसरा धडा पुढं ठेवला. तिनं पहिलाच धडा पुन्हा म्हटला. पोरांच्या पाढ्यासारखा तिचा तो पाठ होता. आणि आमची वहिनी? ती एकेका शब्दाला बोट लावत, ओठ हलवत वाचत होती. मिनिटात तिचे वीसही शब्द झाले नाहीत. ती नापास.

त्याच्या आधीची गोष्ट अशी. तेव्हा पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम चालू होतं. रोजगार हमीचा कायदा १९७९ पासून आमच्या दुष्काळी भागाला मोठाच आधार. पण पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा उठवायचा आणि मिळतील ते पैसे पदरात बांधायचे, ही रीत. वर्गात मी प्रत्येकीचं नाव तीन तऱ्हांनी लिहून दिलं होतं : छापल्यासारखं, वहीत लिहितात तसं आणि घाईत खरडतात तसं. कारण पुस्तकातली अक्षरं छापील असतात, पण गरिबाच्या पोटाशी संबंध असलेले कागद बहुतेक हातानं लिहिलेले असतात. मस्टर, आडतीची पट्टी, उधारीची वही, दवाखान्याची चिठ्ठी. छापील ‘ल’ आणि घाईतला ‘ल’ यांची तोंडओळखही नसते.

त्या दिवशी वहिनीनं मस्टरवर आपलं नाव शोधलं. नावापुढच्या खुणा मोजल्या. ती सहा दिवस कामावर गेली होती, खुणा चारच होत्या. ती मुकादमाला म्हणाली, “दादा, दोन दिस कुठं ग्येलं माजं?” मुकादम म्हणाला, घाईत राहिलं असंल. ती म्हणाली, “मग आता भरा की सवडीनं. म्या हितंच हाय.” मागं बायांची रांग थांबलेली. दोन दिवस भरले गेले. मग तिच्या मागची बाई म्हणाली, “वैनी, माजं बी बघ गं.” रात्री वर्गात हे सांगताना वहिनीचा आवाज चढला होता. पैसे दोन दिवसांचेच होते. पण त्यानंतर अंगठा उठवण्याआधी नावावर बोट ठेवायची पद्धत त्या कामावर पडली.

आता सांगा, पास कोण आणि नापास कोण? तपासणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडं घड्याळ होतं आणि घड्याळात जे मावतं ते त्यांनी मोजलं. मी मात्र त्यानंतर माझ्या चार चाचण्या ठरवल्या.

पहिली, चित्र झाकून वाचायला लावायचं. दुसरी, शिकवलेल्या अक्षरांतलाच पण धड्यात नसलेला मजकूर द्यायचा, म्हणजे पाठांतर उघडं पडतं. तिसरी, तोच मजकूर दुसऱ्या कुणाच्या हस्ताक्षरात द्यायचा. आणि चौथी, वर्ग संपल्यावर चार महिन्यांनी पुन्हा जायचं आणि काही न सांगता एक कागद पुढं करायचा. पहिल्या तीन चाचण्या शिकणाराच्या आहेत. चौथी आपली आहे. चार महिन्यांनी ती बाई अडली तर नापास आपण, आपलं पुस्तक आणि आपली मोहीम.

या चौथ्या चाचणीच्या धाकानं मी एक काम केलं. समाजमंदिराच्या भिंतीवर, पाण्याच्या नळाशेजारी, डांबर लावून फळा केला. रोज त्यावर दोनच ओळी लिहायच्या. कांद्याचा दर काय निघाला. साताऱ्याची गाडी बंद आहे. अमक्याकडं वासरू झालं. डॉक्टर बुधवारी येणार. घागर भरेस्तोवर बाईला उभं राहावंच लागतं, तेवढ्या वेळात नजर फळ्यावर जायची. कधी मी मुद्दाम एखादा शब्द चुकीचा लिहायचो. बाया घरी येऊन सांगायच्या, “भाऊ, आज तुमी दराचा ‘द’ उलटा काढलाय.” मला तेवढंच पाहिजे असायचं.

तो फळा दोन वर्षं टिकला. मग नळ घरोघर गेले आणि फळ्यापाशी उभं राहायचं कारण संपलं. त्या अकरा जणींपैकी आज गावात सात आहेत. त्यातल्या चौघी वाचतात. एक पोथी वाचते, दोघी पेपरचे मथळे वाचतात आणि वहिनी तर गटाचं हिशेबाचं रजिस्टर लिहीत होती. तिघींची पुन्हा सहीच उरली आहे. खडाखडा धडा म्हणणारी त्या तिघींत आहे.

आता उल्लास नावाचा नवा कार्यक्रम आलाय. पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही शिकता येतं, वरची वयाची अट नाही. ही गोष्ट फार चांगली झाली. आमच्या मावशीला आज कोपऱ्यात बसावं लागलं नसतं. मार्च २०२४ मध्ये आपल्या राज्यात त्याची परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के पाहिजेत. नातीच्या हाताला धरून परीक्षेला आलेल्या म्हाताऱ्या मी बघितल्या. बघून बरं वाटलं. पण माझा जुना प्रश्न तसाच आहे. परीक्षेनंतर काय?

गरजाही बदलल्यात. एस.टी.च्या पाटीची जागा आता मोबाईलनं घेतलीय. बँकेचा संदेश, पासबुकावरची नोंद, गॅसचा नंबर, औषधाच्या पाकिटावरची मुदत. यातले आकडे बहुतेक इंग्रजी वळणाचे असतात. मराठी आकडे शंभरापर्यंत लिहिणारी बाई तिथं पुन्हा अडाणी ठरते. मोठ्या माणसाच्या पुस्तकात दोन्ही आकडे पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी पाहिजेत, असं माझं मत आहे.

पुस्तक करणारी माणसं माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली असतात. त्यांना सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण अनुभवाचं एक सांगतो. पुस्तक छापखान्यात पाठवायच्या आधी त्यातले दोन धडे हातानं लिहून घ्यावेत आणि ज्यांच्यासाठी ते केले अशा पाच माणसांपुढं ठेवावेत. आपण मागं बसावं. काही समजावून सांगू नये, काही विचारू नये, फक्त त्यांचं बोट कुठं थांबतं तेवढं बघावं. मग ते बोट जिथं थांबलं ती ओळ बदलावी. माणूस बदलायच्या मागं लागू नये.